मुस्तफाची संहिता

यंदा संपादकांचे पत्र आले तेव्हा माझ्या टेबलावर परीक्षणासाठी दोन कवितासंग्रह आणि एक कादंबरी पडून होती. ती तिन्ही बाजूला सारून मी एका व्हिडिओ गेमवर लिहायला बसलो आहे, हे कळल्यावर आमच्या वाङ्मय मंडळातले जुने सहकारी काय म्हणतील याची मला पुरेपूर कल्पना आहे. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की तीस वर्षे मराठी शिकवताना संहिता, प्रयोग, पाठभेद, आकृतिबंध हे शब्द मी जितक्या वेळा फळ्यावर लिहिले, तितक्या वेळा त्यांचा खरा अर्थ मला उमगला होता असे नाही. तो या पावसाळ्यात, एटीएम कार्डाएवढ्या एका संगणकाने उमगवला.

खेळाचे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथांवर तो बेतलेला आहे. मात्र बेळगावात हे नाव उच्चारून पाहा, कुणालाही काही कळणार नाही. 'मुस्तफा' म्हणा. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेला कोणताही गृहस्थ हातातली पिशवी खाली ठेवून बोलायला उभा राहील. नुसत्या बेळगावातच नव्हे, देशभरच्या पार्लरांत हा खेळ याच नावाने ओळखला गेला. खेळात निवडायला चार पात्रे आहेत: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. नायक जॅक आहे. चित्रकथेतही तोच, खेळाच्या जाहिरातीतही तोच. आमच्या पोरांनी त्याला एका झटक्यात पदच्युत केले आणि पिवळ्या टोपीच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या मुस्तफाला गादीवर बसवले. कारण उघड आहे. चौघांत हे एकच नाव पलीकडच्या गल्लीत राहत होते. वाचक संहितेला आपले नाव देतो, असे समीक्षेचे ग्रंथ सांगतात. एवढे धडधडीत उदाहरण मात्र मला त्या ग्रंथांत कुठे सापडले नाही.

आमचे पार्लर खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात होते. शटर अर्धे ओढलेले, आत चार यंत्रे, घामाचा आणि गरम झालेल्या वायरींचा वास. एक रुपयाला एक गेम. मी तेव्हा एम.ए.ला होतो आणि तिथे जाणे माझ्या इभ्रतीला शोभणारे नव्हते; मी जायचो तो धाकट्या भावाला घरी ओढून आणायला. तो चौदा वर्षांचा होता. पुस्तक हातात धरले की ज्या हातांना पेंग यायची, ते हात त्या दांड्यावर आणि दोन बटणांवर असे काही चालायचे, की मी त्याला ओढून आणायचे विसरून मागे उभा राहत असे. मुस्तफा मेला की पडद्यावर आकडे उतरू लागत, नऊ, आठ, सात. शून्याच्या आत रुपया टाकला तर खेळ तिथूनच पुढे, नाहीतर सगळे पहिल्यापासून. त्या आकड्यांच्या ठोक्यावर तो मान न वळवता मागे हात पसरायचा आणि म्हणायचा, "अण्णा, रुपया." मी किती वेळा दिला आणि किती वेळा नाही, याचा हिशेब आज लागत नाही.

पुढे तो उद्यमबागेत एका कारखान्यात लागला. २००६ साली प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, तर्जनी आणि मधले. नुकसानभरपाईची कथा इथे नको. त्यानंतर त्याने कॅरमसुद्धा सोडला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. जूनमध्ये तो माझ्याकडे आला आणि खिशातून हिरव्या रंगाची एक पट्टी काढून म्हणाला, "काका, पप्पांना सांगू नका. ह्याच्यात मुस्तफा घालायचा आहे." ती पट्टी म्हणजे रास्पबेरी पाय. नावाला हसू नये. इंग्रजांना फळांची नावे आवडतात. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले, की विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांना संगणक वापरता येतो, पण त्याच्या पोटात हात घालता येत नाही. मुलांनी बिनधास्त उसवावा असा स्वस्त संगणक हवा, म्हणून त्यांनी तो केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला विक्रीस आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याचा 'झीरो' नावाचा धाकटा भाऊ आला, किंमत ५ डॉलर, आणि तो तर एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटला गेला. आपल्या दिवाळी अंकांबरोबर फार तर उटण्याची पुडी येते. पुतण्याकडचा होता तो २०१६ सालचा 'पाय ३', कुणाकडून तरी जुना घेतलेला.

आता या पट्टीत मुस्तफा शिरतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे सगळे व्यर्थ आहे. पार्लरमधल्या यंत्रात खेळ होता तो चिपांत कोरलेला. त्या चिपांतला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेता येतो. ही झाली पोथी. पण ती पोथी एका विशिष्ट यंत्राच्या भाषेत लिहिलेली असते. दुसरे यंत्र ती वाचू शकत नाही. म्हणून एक प्रोग्रॅम लिहावा लागतो, जो नव्या संगणकात बसून जुन्या यंत्राचे सोंग घेतो. जुना प्रोसेसर काय करत असे, चित्र कसे रचत असे, बटण दाबल्याचे त्याला कसे कळत असे, हे सर्व तो वठवतो. बिचाऱ्या पोथीला आपण घरातच आहोत असे वाटते आणि ती बोलू लागते. अशा सोंगाड्यांत मोठे नाव 'मेम'चे. निकोला सॅल्मोरिया या इटालियन गृहस्थाने ते फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवले, आणि पुढे जगभरच्या हौशी माणसांनी ते वाढवले. मेमची माणसे एक गोष्ट आवर्जून सांगत आली आहेत. त्यांचा हेतू खेळायला मिळावे हा नाही. ती यंत्रे नेमकी कशी चालत होती याची अचूक नोंद ठेवणे हा आहे. खेळता येते, हा त्या नोंदीच्या खरेपणाचा पुरावा.

हे ऐकले आणि मला पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवले. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे हाती घेतले गेले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त अशी, की प्रती गोळा करायच्या, अक्षर न् अक्षर ताडून पाहायचे, स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ खाली तळटीपेत. फेकून काहीच द्यायचे नाही. मेमच्या यादीतही हेच आहे. एकाच खेळाच्या जपानी, अमेरिकन आणि इतर प्रती वेगळ्या नोंदलेल्या, आणि त्यांच्याखाली चोरट्या प्रतीदेखील. मुस्तफाच्या चोरट्या प्रतींनाही तिथे जागा आहे. साध्या नकलाकारांनी हे केले नसते.

आणि इथेच माझ्या भावाने मला पहिला धडा दिला. पण तो पुढे.

पुतण्याने पट्टी टीव्हीला जोडली तेव्हा आधी आम्ही मुस्तफा नव्हे, 'स्पेस इन्व्हेडर्स' पाहिला. तायतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली केलेला. अकराच्या पाच रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी. ते पायरी पायरीने खाली उतरतात आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या. जसजसे ते कमी होतात तसतसे उरलेले वेगाने येतात, आणि शेवटचा एकटा तर जीव खाऊन धावतो. एखाद्या नाटककाराने ताण कसा चढवावा ते इथे शिकावे. पण हा ताण निशिकादोंनी आधी योजलेला नव्हता. त्या यंत्रातल्या इंटेल ८०८० प्रोसेसरची ताकद तोकडी, त्यामुळे पडद्याच्या एका फेरीत एकच प्राणी हलायचा. ५५ असले की प्रत्येकाची पाळी उशिरा येणार, एकच उरला की त्याची पाळी सतत. यंत्राचा अशक्तपणाच वेग होऊन बसला, आणि निशिकादोंचे मोठेपण हे की त्यांनी तो दोष झाकला नाही, ठेवला. ओवीच्या साडेतीन चरणांनी ज्ञानदेवांना अडवले असे कुणी म्हणेल काय?

आता पाहा, पाय ३चा प्रोसेसर त्या ८०८०च्या सहाशे पट वेगाने टिकटिकतो. त्याला ५५ प्राणी एकदम नाचवणे म्हणजे हातचा मळ. तरीही सोंग खरे व्हायचे तर त्याने मंद व्हायला हवे. जिथे जुना अडखळत होता तिथे अडखळायला हवे. ताकद असून न वापरणे हा गुण मी संगणकात पाहीन असे वाटले नव्हते.

सोंगाला मर्यादाही आहेत. 'स्पेस इन्व्हेडर्स'मधला तो छातीच्या ठोक्यासारखा चार स्वरांचा आवाज चिपेत लिहिलेला नव्हताच. तो साध्या विद्युतमंडलातून निघत असे. म्हणजे त्याची पोथीच नाही. मग मेमच्या जुन्या आवृत्त्यांना त्या आवाजांची ध्वनिमुद्रणे वेगळी जोडावी लागत. म्हणजे मौखिक परंपरा! जे लिहिलेले नव्हते ते कुणीतरी ऐकून ठेवले म्हणून राहिले.

आणखी एक तक्रार मी लेखी नोंदवून ठेवतो. मेम जितके नवे तितके ते काटेकोर, आणि जितके काटेकोर तितके जड. हा चिमुकला संगणक ते ओझे नीट पेलत नाही, म्हणून त्यावर बहुधा २००३ च्या आसपासची आवृत्ती चालवतात. त्या आवृत्तीला त्या काळच्याच पोथ्या लागतात. नंतर एखादी चिप पुन्हा नीट उतरवून घेतली असेल, तर नवी पोथी जुन्या भाष्याशी जुळत नाही आणि खेळ उघडतच नाही. म्हणजे स्वस्त यंत्राच्या वाचकाच्या हाती येते ती चिकित्सक आवृत्ती नव्हे, बाजारातली सुलभ आवृत्ती. तिच्यावर आपली तहान भागते हे खरे. पण तिला मूळ म्हणून मिरवू नये.

याहून वाईट ते तयार डबे, ज्यांच्यावर 'दहा हजार खेळ' असे छापलेले असते. एकच खेळ सात वेळा, अर्धे चालत नाहीत, कुणी काय केले त्याचे नावनिशाण नाही. ती ग्रंथालये नव्हेत, रद्दीची दुकाने आहेत. रद्दीच्या दुकानात मीही पुस्तके घेतली आहेत, ही गोष्ट वेगळी.

हक्काचा प्रश्न मी टाळत नाही. मुस्तफा कॅपकॉमचा आहे, पात्रे शुल्ट्झ यांची आहेत, आणि आम्ही जे केले ते कायद्याच्या चौकटीत बसते असा दावा मी करणार नाही. फक्त परिस्थिती सांगतो. हा खेळ त्या काळी घरगुती यंत्रांवर कधी आलाच नाही. २०१८ साली कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या खेळांतले सात निवडून एक संच विकायला काढला, त्यात हा नव्हता. दुसऱ्याच्या पात्रांवर बेतलेल्या कलाकृतीचे असे होते. दोन मालकांच्या भिंतीत ती चिणली जाते. ज्यांना तो विकत घ्यायचा होता त्यांना दुकान सापडले नाही. आमच्या पिढीला तरी तो चोरट्या प्रतींतूनच भेटला, आणि चोरट्या प्रतींबद्दल कृतज्ञ राहणे आणि त्यांची लाज वाटणे ही दोन्ही कामे मला एकाच वेळी करावी लागतात.

आता तो धडा. गणेशचतुर्थीच्या सुट्टीत पुतण्याने बापाला माझ्याकडे आणले आणि मुस्तफा सुरू केला. रुंद टीव्हीवर चित्र आडवे ताणले गेले होते; मुस्तफा दोन वेळच्या लग्नाच्या पंगती जेवून आल्यासारखा दिसत होता. कारण साधे आहे. या खेळाचे चित्र आडवे ३८४ आणि उभे २२४ ठिपक्यांचे. पण ते दाखवायचे चारास तीन अशा काचेवर, म्हणजे ठिपका चौरस नसून उभट. नवा पडदा प्रत्येक ठिपका चौरस समजतो. पुतण्या सेटिंग शोधू लागला. भाऊ काही न बोलता माझ्या माळ्यावर चढला आणि तिथे धूळ खात पडलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही उतरवून घेऊन आला. आठ बोटांनी. पायला जुन्या टीव्हीची पिवळी वायर जोडता येते हे मला तोवर ठाऊक नव्हते. चित्र आले आणि मुस्तफा सडपातळ झाला. ठिपक्यांच्या कडा एकमेकींत विरघळल्या, रंगांना ओल आली. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांनी ती अशाच काचेसाठी काढली होती. चांगले अक्षर कोणत्या कागदावर उमटते यालाही अर्थ असतो, हे आम्ही खिळे जुळवलेल्या अंकांचे वाचक तरी विसरू नये.

मग संगीत सुरू झाले. मूळ यंत्रात 'क्यू-साउंड' नावाची ध्वनियोजना होती, आणि या प्रतीत ती शाबूत आहे. पाठीमागे ढोल, गिटार, सगळे भरघोस. भाऊ दोन मिनिटे ऐकत राहिला आणि म्हणाला, "हे गाणं ह्यात नव्हतंच."

पुतण्याने त्याला समजावले, की पप्पा, हेच खरे आहे, पार्लरमधली प्रत चोरटी असणार, तसल्या प्रतींत आवाजाची चिप हलकी घालत, म्हणून तुम्हाला नुसते ठोसे आणि किंकाळ्या ऐकू यायच्या. भाऊ म्हणाला, "असेल. पण आमचा मुस्तफा मुका होता. बारीक कर की जरा." पोराने आवाज बारीक केला.

मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो, की मूळ पाठ तो खरा आणि नंतर घुसलेला तो भ्रष्ट. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सांगताना माझा आवाज दर वर्षी चढत असे. पण शुद्धीकरणाच्या आधीची ज्ञानेश्वरी ज्यांच्या जिभेवर होती, त्यांना नवी प्रत ऐकताना काय वाटले असेल, हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. त्यांच्यापैकी कुणीतरी 'हे ह्यात नव्हतंच' म्हणाले असणार. नाथांचे काम त्यामुळे चुकीचे ठरत नाही. मात्र त्या माणसाचा भक्तिभावही खोटा ठरत नाही, आणि या दोघांना एका टीपेत बसवण्याची सोय आमच्या पाठचिकित्सेत नाही. मेमच्या यादीत निदान दोघांना वेगवेगळ्या ओळी आहेत.

खेळण्याचा फळा पुतण्याने स्वतः केला होता. प्लायवूडचा, डाव्या हाताला दांडा, उजवीकडे बटणे, त्यांच्या तारा पायच्या पिनांना जोडलेल्या. या खेळात मारणे आणि उडी अशी दोन बटणे आहेत, आणि ती दोन्ही एकदम दाबली की मुस्तफा स्वतःचे थोडे रक्त खर्चून भोवतालच्या सगळ्यांना लोळवतो. गर्दीत सापडल्यावर तेवढाच एक मार्ग. पार्लरच्या यंत्रावर ती बटणे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या अंतरावर होती. पोराने बापाच्या नकळत, तो झोपलेला असताना, त्याचा उजवा हात कागदावर उतरवून घेतला होता. बटणे त्या कागदावरून बसवलेली. मारण्याचे अंगठ्याखाली, उडीचे करंगळीच्या बाजूला, आणि मध्ये तळव्याने दाबायचे एक मोठे तिसरे, जे दोन्ही एकदम दाबल्याचे सोंग करते. मूळ यंत्राला हे ठाऊक नाही. त्याला वाटते, दोन बोटांनी दोन बटणे दाबली.

सोंगाविषयी मी या लेखात वर जे काही कडू लिहिले आहे ते खोडत नाही. पण अस्सल यंत्र, अस्सल चिपांसह, अस्सल काचेसह आज माझ्या ओसरीवर आणून ठेवले असते, तरी माझ्या भावाला त्यावर खेळता आले नसते. नाट्यसंहिता नव्या नटाच्या अंगाने उभी राहते, त्याला आपण प्रयोग म्हणतो आणि मुळाशी प्रतारणा म्हणत नाही. मग इथेच हात का आखडावा?

एक उणीव मात्र भरून निघत नव्हती. या पेटीत रुपया टाकायची फट नाही. एक बटण दाबले की रुपया पडला असे यंत्राला वाटते. कितीही दाबा. पहिल्या दिवशी पुतण्याने आणि मी तसेच दाबत दाबत आठही टप्पे तासाभरात संपवले, आणि शेवटी मला इतके रिकामे वाटले, की मी उठून चहा टाकला. हा खेळ रुपयासाठी लिहिलेला आहे. त्याचा प्रत्येक अवघड वळसा गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघून काढलेला. ते धंद्याचे गणित होते हे मान्य. पण त्या गणितातूनच त्याची लय जन्मली, ५५ प्राण्यांच्या लयीसारखीच. रुपया काढून घेतला की नऊ ते शून्य हे नुसते आकडे उरतात.

भावाला हे सांगावे लागले नाही. बसण्याआधी त्याने खिशातून रुपयाची पाच नाणी काढून वाटीत ठेवली आणि पोराला सांगितले, की बटण तू दाबायचेस, पण एक नाणे उचलल्याशिवाय नाही. वाटी संपली की बंद. पहिला टप्पा त्याने एका नाण्यात काढला. दुसऱ्यात दोन गेली. तिसऱ्या टप्प्यात गाडीचा लांब रस्ता आहे. तिथे तो पूर्वीही मरायचा. चौथे गेले, पाचवे गेले. पडद्यावर आकडे उतरू लागले. नऊ, आठ. पोराने बटणावर बोट ठेवले होते, दाबले नाही. सात. भावाची मान पडद्याकडेच होती. डावा हात दांड्यावर होता, आणि तीन बोटांचा उजवा त्याने मागे, माझ्या बाजूला पसरला.

"अण्णा, रुपया हाय काय?"

मी सदऱ्याचे खिसे चाचपू लागलो.